गुलमर्गची रांग: इंदूरच्या आठ जणांचं एक प्रकरण

इंदूरहून गुलमर्गला जाणाऱ्या कुटुंबाचा बेत बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो. २६ जानेवारीला जोडून येणारे शनिवार-रविवार धरायचे, श्रीनगरला हॉटेल घ्यायचं आणि एका सकाळी गाडी करून गुलमर्ग बघून यायचं. या बेतात दिवसाचा मोठा भाग गोंडोलाच्या, म्हणजे केबिनमधून डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या, रांगेत जातो. लोक मग पुढच्या वेळी तासभर आधी निघायचं ठरवतात, पण तेवढ्याने फारसं सुधारत नाही. कोणत्या वारी पोचलो, रात्री मुक्काम कुठे केला आणि घरातल्या कोणाला नेमकं कशासाठी वर जायचंय, या तीन गोष्टींवर रांग ठरते, आणि तिन्ही गोष्टी इंदूरलाच ठरतात.

इथे घेतलेलं कुटुंब नमुन्याचं आहे. गुलमर्गची जागा, यंत्रणा आणि तिथल्या अडचणी मात्र खऱ्या आहेत.

आठ जण आणि पहिला बेत

लोकमान्य नगरातलं मराठी कुटुंब. आजोबा ७२ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. आजी ६८, गुडघे दुखरे. मुलगा आणि सून, मुलगी आणि जावई, सोळा वर्षांचा नातू, तेरा वर्षांची नात. जावयाने स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केलेला आहे. मधल्या उतारावर वळणं घेत सावकाश खाली येणं त्याला जमतं. मुलगा, मुलगी आणि दोन्ही नातवंडं पहिल्यांदाच स्की पायात घालणार. सुनेला स्कीइंग करायचं नाही, बर्फ बघायचाय. आजी-आजोबांचंही तेच.

२६ जानेवारी सोमवारी येते आहे, म्हणून पहिला बेत असा: शुक्रवारी श्रीनगर, शनिवार-रविवार गुलमर्गला जाऊन-येऊन, सोमवारी परत. आठही जणांची दोन्ही टप्प्यांची तिकिटं, सगळे एकत्र.

या बेतात चार चुका आहेत. वार सगळ्यांनी धरलेले तेच. मुक्काम खाली. आठ जणांचा एकच घोळका. आणि ज्या टप्प्याची रांग सगळ्यात मोठी, त्या टप्प्याची तिकिटं अशा माणसांनाही काढलेली ज्यांना तिथे काही कामच नाही.

रांग एक नसते

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा तिथून कोंगदूरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,०८० मीटरपर्यंत जातो. हा १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा कोंगदूरीहून अफरवटच्या धारेवर, ३,९०० मीटरच्याही वर नेतो. तो २००५ मध्ये सुरू झाला. पहिला टप्पा नऊ-दहा मिनिटांचा, दुसरा बारा मिनिटांच्या आसपासचा. याशिवाय कोंगदूरीहून मेरीज शोल्डरकडे जाणारी, स्की करणाऱ्यांसाठीची चेअरलिफ्ट आहे. आणि खाली गुलमर्गच्या मैदानालगत नवशिक्यांचे उतार आहेत. तिथे ड्रॅग लिफ्ट चालतात, म्हणजे दोरीला लटकणारा दांडा धरून स्कीवर उभ्यानेच वर ओढलं जाणं.

श्रीनगरहून आलेला माणूस ज्याला रांग म्हणतो, ती खरं तर पाच-सहा ठिकाणी असते. घाटाच्या पायथ्याच्या टंगमर्गला बर्फामुळे गाडी बदलताना किंवा चाकांना साखळ्या लावताना. गोंडोलाच्या दारात तिकीट आणि ओळखपत्र तपासताना. पहिल्या टप्प्यात बसताना. कोंगदूरीला उतरून दुसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा. आणि दुपारी खाली उतरताना परत एकदा. या शेवटच्या रांगेचा विचार कोणीच करत नाही. आजींसारख्या माणसाला हीच सगळ्यात जड जाते, कारण तोवर पाय गारठलेले असतात आणि बसायला जागा नसते.

हिशोब

गोंडोलाची क्षमता ताशी सुमारे ६०० माणसं सांगितली जाते. सहा आसनांच्या केबिनच्या हिशोबाने तासाला शंभर केबिन, म्हणजे दर ३६ सेकंदांनी एक. पुढे ३०० माणसं असतील तर अर्धा तास. पण हा कागदावरचा अर्धा तास. चार जणांचं कुटुंब एका केबिनमध्ये बसतं आणि उरलेल्या दोन जागांवर अनोळखी माणूस घेत नाही. बहुतेक केबिन अशाच सुटल्या तर तासाला ६०० ऐवजी ४०० माणसं वर जातात आणि तोच अर्धा तास पाऊण तास होतो. वारा वाढला की दोरीचा वेग कमी करतात. वेग निम्मा झाला की पाऊण तासाचा दीड तास.

याहून महत्त्वाचं पुढे आहे. समजा साडेदहा ते साडेअकरा या तासात ९०० माणसं आली आणि प्रत्यक्षात ५०० वर गेली. साडेअकराला ४०० माणसं उभी आहेत, शेवटच्या माणसाला ४८ मिनिटं थांबायचंय. आता गर्दी ओसरली, पुढे तासाला ४०० माणसंच येऊ लागली. तरी रांग तासाला फक्त शंभराने कमी होते, म्हणजे ती संपायला साडेतीन वाजतात. एका तासाच्या लोंढ्याने चार तासांची रांग तयार होते. म्हणून ‘साडेबाराला जाऊ, तोवर गर्दी कमी होईल’ हा अंदाज चुकतो. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री साडेदहाला गेलं काय आणि साडेअकराला गेलं काय, भुट्ट्याच्या किसासमोरची गर्दी तीच असते, तसंच हे. लोंढा यायच्या आधी आत शिरायचं, नाहीतर त्या दिवशी त्या वाटेला जायचंच नाही.

लोंढा कधी येतो हे रस्ता सांगतो. श्रीनगरच्या हॉटेलात नाश्ता आठला मिळतो. साडेआठला गाडी निघते. पन्नासेक किलोमीटर, त्यातला टंगमर्गनंतरचा १३ किलोमीटरचा घाट बर्फात सावकाश चढायचा, मध्ये गाडी बदलायची, गमबूट आणि कोट भाड्याने घ्यायचे. साडेदहा ते साडेअकरा वाजतात. गोंडोला हिवाळ्यात साधारण नऊ-दहाच्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे गुलमर्गला मुक्काम असणाऱ्याच्या हातात रोज तास-सव्वा तास मोकळा असतो, आणि श्रीनगरहून येणाऱ्याला तो मिळणं जवळपास अशक्य. गुलमर्गचं हॉटेल महाग पडतं हे खरं. पण श्रीनगरच्या मुक्कामात जो पैसा वाचतो तो रोजच्या दोन-तीन तासांच्या बदल्यात वाचतो. स्की शिकायला गेलेल्या माणसाने तरी हा सौदा करू नये.

रांगेपाशी पोचल्यावर करायचं मोजमाप सोपं आहे. घड्याळ लावून तीन मिनिटांत किती केबिन सुटतात ते मोजा. पाच सुटल्या तर यंत्र पूर्ण वेगात आहे, तीनच सुटल्या तर वारा किंवा अडचण आहे. प्रत्येकीत सरासरी किती डोकी बसतात ते बघा. मग कठड्याच्या दोन खांबांमधली माणसं मोजून खांबांच्या गाळ्यांनी गुणा. माणसं भागिले मिनिटाला वर जाणारी माणसं, एवढाच हिशोब. या कुटुंबाची मर्यादा आधीच ठरलेली आहे: आजी-आजोबा बरोबर असतील तर पंचवीस मिनिटं, जावई एकटा असेल तर वीस. उत्तर त्याहून जास्त आलं तर परत फिरायचं. ही मर्यादा हॉटेलात ठरवलेली असेल तरच पाळली जाते. रांगेत उभं राहिल्यावर ‘आता एवढे थांबलोच आहोत तर’ हेच सुचतं.

तारखा हलवल्या

पहिला बदल तारखांचा. शनिवार, रविवार आणि सोमवार सोडून दिले. मंगळवार २७ ला इंदूरहून निघायचं, बुधवार-गुरुवार-शुक्रवार गुलमर्ग, शनिवारी सकाळी खाली उतरायचं, रविवारी श्रीनगरहून विमान.

सोमवारी २६ लाच का नाही? प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी दिल्लीचं आकाश संचलनासाठी काही तास बंद असतं, इंदूरहून जाणारी बहुतेक तिकिटं दिल्लीमार्गे असतात, आणि श्रीनगरातही त्या दिवशी तपासणी कडक असते. जोडून मिळणारं विमान चुकण्याची हीच तारीख.

मुलांच्या शाळेचे चार दिवस बुडतात, यावर मुलीचा आक्षेप होता. तो रास्त आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. आजींना मात्र हा बदल पसंत पडला. रथसप्तमी २५ ला येत असल्याने घरचं हळदीकुंकू आटोपूनच निघता येणार होतं.

शनिवारचा दिवस राखीव आहे. बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात. गुलमर्गहून थेट त्याच दिवशीच्या विमानाला धावणं म्हणजे घाट, टंगमर्गची कोंडी आणि विमानतळाबाहेरची तपासणी असे तीन जुगार एकाच सकाळी खेळणं. विमानच नको असेल तर महूहून सुटणारी माळवा एक्स्प्रेस कटऱ्यापर्यंत जाते आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते. परतीला हा पर्याय माहीत असलेला बरा.

तिकिटं: आठ नव्हे, पाच

गोंडोलाची तिकिटं जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर नाव आणि ओळखपत्राच्या तपशिलासह काढायची असतात. तिकीट म्हणजे केबिनमधली राखीव जागा नव्हे. रांग आहेच. पण तारीख आणि स्लॉट हातात असल्याशिवाय काही होत नाही, आणि सुट्टीच्या दिवसांचे सकाळचे स्लॉट आधी संपतात.

इथे प्रत्येकाच्या गरजेची फोड करावी लागली. स्की शिकणाऱ्या नवख्या माणसाला पहिले तीन दिवस गोंडोलाची गरजच नसते. त्याचा उतार खाली आहे. कोंगदूरीहून खाली येणारी वाट नवख्याला झेपत नाही, म्हणजे स्की घेऊन वर जायचं आणि स्की घेऊन त्याच केबिनमधून रांग लावून परत यायचं. जावयालाही दुसऱ्या टप्प्याचं काम नाही. अफरवटचा उतार तीव्र आहे, बराचसा भाग यंत्राने न दाबलेल्या बर्फाचा, प्राथमिक कोर्सच्या जोरावर उतरावा असा तो नाही. आजी-आजोबांना ३,९०० मीटरवर नेऊ नये. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे आणि रक्तदाबाच्या माणसाने एवढी उडी दोन दिवसांत घेऊ नये, हे त्यांच्या डॉक्टरांनाही विचारून घ्यावं.

मग दुसऱ्या टप्प्याला कोण उरलं? नातू. त्याला ‘सगळ्यात वरचं’ बघायचंच होतं. त्याच्याबरोबर त्याचे बाबा. म्हणजे दोन्ही टप्प्यांची दोनच तिकिटं, बुधवारच्या पहिल्या स्लॉटची. आजी, आजोबा आणि सून यांची फक्त पहिल्या टप्प्याची तीन तिकिटं, गुरुवारच्या पहिल्या स्लॉटची. जावयाला स्की करणाऱ्यांसाठीचं तिकीट लागतं, त्याची चौकशी मंगळवारी संध्याकाळी खिडकीवर करायची. मुलगी आणि नात यांचं तिकीट काढलंच नाही.

आठ जणांचे सोळा टप्पे व्हायचे होते, त्याचे सातावर आले, जावयाचे सोडून. सगळ्या प्रकरणात सर्वाधिक वेळ या एका निर्णयाने वाचतो.

छोटी कामं: तिकिटाची छापील प्रत आणि मूळ आधार कार्ड प्रत्येकाच्या खिशात, कारण थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. आठ जणांत दोन तरी पोस्टपेड असावीत, आणि ती दोघं वेगवेगळ्या तुकडीत असावीत.

मंगळवार संध्याकाळ

दुपारी चारच्या सुमारास घाट चढणं सोयीचं. जाऊन-येऊन करणारे तेव्हा उतरत असतात, चढणारी बाजू मोकळी असते. अंधार पडायच्या आत पोचलं की एक काम उरकता येतं, आणि ते न उरकल्याने बुधवारची सकाळ वाया जाते: स्की आणि बूट भाड्याने घेणं. सकाळी साडेनऊ ते साडेदहा दुकानांत झुंबड असते आणि घाईत बूट चुकीचा येतो.

बूट नीट बघून घ्यायचा. पायात एकच मोजा, लोकरीचे दोन नाहीत. दोन मोज्यांनी पाय सरकतो आणि नडगी सोलवटते. बूट घालून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे हलकासा टेकला पाहिजे. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की अंगठा मागे सरकून मोकळा झाला पाहिजे. टाच उचलून बघा, ती उचलली जात असेल तर एक माप लहान घ्या. नवख्यासाठी स्कीची उंची हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान पुरे. लांब स्की वळत नाही. बाइंडिंगवरचा, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीवरचा, आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य बघून लावायचा असतो. तेरा वर्षांच्या नातीच्या आणि तिच्या मामाच्या बाइंडिंगवर एकच आकडा दिसला तर दुकानदाराला तो बदलायला लावा. जास्त घट्ट असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. हेल्मेट सगळ्यांना, गॉगल सगळ्यांना.

बूट रात्री खोलीत ठेवायचे, गाडीत किंवा ओसरीत नाही. गारठलेलं प्लास्टिक सकाळी पायात जात नाही.

बुधवार: स्वच्छ

साडेआठला मुलगा आणि नातू गोंडोलाच्या दारात. दोघंच असल्याने कुठल्याही केबिनमध्ये दोन जागा मोकळ्या असल्या की त्यांना बसता येतं. आठ जणांनी एकत्र बसायचा हट्ट धरला असता तर दोन केबिन अर्धवट भरून सोडाव्या लागल्या असत्या. कोंगदूरीला उतरल्यावर चहा, फोटो काही नाही, सरळ दुसऱ्या टप्प्याच्या दाराकडे. इथे लोक थांबतात आणि दहा मिनिटांच्या चहापायी मागून आलेल्या पन्नास माणसांच्या पाठी जातात. चहा उतरताना.

वर अर्धा तास पुरे. डोकं दुखायला लागलं, मळमळलं की लगेच खाली यायचं, ‘थोडं बसून बघतो’ नाही. बाराच्या आत दोघं गुलमर्गला परत येतात, तेव्हा खालची रांग भरलेली असते आणि उतरायची रांग अजून लागायची असते.

मुलगी आणि नात सव्वानऊला नवशिक्यांच्या उतारावर, प्रशिक्षकाबरोबर. या उताराला स्वतःची गर्दी आहे. अकरा ते दोन या वेळात तिथे स्लेजवाले, तासाभराचं ‘पॅकेज’ घेतलेले हौशी आणि फोटो काढणारे सगळे एकाच पट्ट्यात येतात. ज्याला थांबताच येत नाही अशा नवख्यासमोर अचानक स्लेज येणं हा तिथला खरा धोका आहे. म्हणून शिकवणी सव्वानऊ ते सव्वाअकरा आणि अडीच ते साडेचार. मधल्या वेळात जेवण आणि झोप. दुपारच्या सत्रात मुलगा आणि नातूही येतात. उन्हं कलली की बर्फ घट्ट होऊन निसरडा होतो, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात नवीन काही शिकू नये, फक्त थांबण्याचा सराव करावा.

ड्रॅग लिफ्टची रांग बहुतेक वेळा माणसांमुळे लांबत नाही, पडण्यामुळे लांबते. एक जण मध्ये पडला की लिफ्ट थांबते. नवख्याची चूक ठरलेली: दांडा आला की तो खुर्ची समजून बसायला जातो. बसायचं नाही. गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं आणि ओढू द्यायचं. दोन्ही स्की समांतर, नजर वर. पडलात तर दांडा सोडा आणि पटकन बाजूला सरका. हे मुलांना रांगेत उभं असतानाच सांगितलं तर त्यांची फेरी वाया जात नाही आणि मागच्यांचीही वाचते.

जेवण साडेअकराला. एक वाजता राजमा-भात मिळायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात तेव्हा मिळतो. पिशवीत संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्या आणि तिळाच्या वड्या आहेतच. थंडीत गूळ-तीळ अंगी लागतो आणि दुकानापुढे थांबावं लागत नाही.

गुरुवार: बर्फ

रात्रीपासून बर्फ पडतोय आणि वर वारा आहे, असं धरू. दुसरा टप्पा अशा दिवशी बंद असतो, पहिला उशिरा सुरू होतो. इथे आजी-आजोबा आणि सून यांच्या तिकिटांचं काय?

इतरांना हा दिवस फुकट गेला असं वाटतं, पण वर मुक्काम असलेल्यांसाठी तो उपयोगाचा आहे. ताज्या बर्फात टंगमर्गला गाड्या अडवतात, रस्ता मोकळा होईपर्यंत सोडत नाहीत. म्हणजे श्रीनगरचा लोंढा खालीच अडकलेला असतो. पहिला टप्पा हळू का होईना सुरू झाला, तर दारात फक्त गुलमर्गचे मुक्कामी असतात.

फक्त उघड्यावर वाट बघायची नाही. हॉटेलच्या माणसाला सांगून ठेवायचं: पहिली केबिन हलली की कळव. जावई नेहमीप्रमाणे पुढे जाऊन बघून आला आणि त्याने फोन केला, “बाबा, पन्नासेक माणसं आहेत, केबिन चालू झाल्यात. आईंना घेऊन या, घाई करू नका.” आजींसाठी हॉटेलपासून गोंडोलापर्यंत स्लेज. दर आधी ठरवायचा, जाऊन-येऊन की एकाच बाजूचा हेही बोलून घ्यायचं.

दिसणार काय, हा प्रश्न उरतो. लांबचे डोंगर दिसणार नाहीत. पण केबिनच्या काचेपलीकडे फरच्या फांद्यांवर बर्फ उतरताना दिसतो, आणि ज्यांनी जन्मात बर्फ पडताना पाहिला नाही त्यांना हेच बघायचं असतं. कोंगदूरीला वीस मिनिटं, कहवा, आणि साडेअकराच्या आत खाली. डोंगर बघायचे तर शुक्रवारी आकाश उघडल्यावर गुलमर्गच्या बाहेरच्या गोल वाटेवरून बघता येतात. स्वच्छ दिवशी तिथून नंगा पर्वत दिसतो. त्याला तिकीट नाही आणि रांगही नाही.

शुक्रवार: बर्फानंतरचं ऊन

आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस हाच. आदल्या दिवशी अडकलेले पर्यटक, ताज्या बर्फासाठी थांबलेले स्कीवाले आणि रस्ता उघडल्यावर आलेल्या गाड्या, सगळे एकत्र. वरचा भाग उतारांवरच्या सुरक्षा पथकाने (स्की पेट्रोल) हिमकडे तपासून मोकळा केल्याशिवाय दुसरा टप्पा सुरू होत नाही. त्याला अकरा वाजू शकतात, एक वाजू शकतो, कधी उघडतच नाही. तोवर कोंगदूरीला माणसं साचत राहतात.

जावयाचा दिवस इथे नीट आखावा लागतो. पावणेनऊला दारात. स्की करणाऱ्यांसाठी वेगळी ओळ चालू असेल तर तीच धरायची. पहिल्या केबिनमधून कोंगदूरी. त्यानंतर साडेदहापासून दोनपर्यंत एकच नियम: तळाला यायचं नाही. तळाशी आलं की पुन्हा पर्यटकांच्या रांगेत उभं राहणं आलं. खाली येण्यात पंधरा-वीस मिनिटांचा आनंद आणि मागे पाऊण तास रांग, हा व्यवहार तोट्याचा. त्याऐवजी मेरीज शोल्डरची चेअरलिफ्ट चालू असेल तर तिच्यावरच फेऱ्या मारायच्या. तिथे स्की नसलेल्याला काम नसल्याने रांग फक्त स्कीवाल्यांची असते. जगातल्या कुठल्याही स्की-गावाला हे लागू आहे: पायी माणूस जिथे चढत नाही तिथली रांग लहान. चेअरलिफ्ट बंद असेल तर साडेदहाच्या आत पहिल्या टप्प्याच्या जमतील तेवढ्या फेऱ्या उरकायच्या आणि नंतर खाली नवशिक्यांच्या उतारावर येऊन घरच्यांना शिकवायचं. दुसरा टप्पा उघडतो का हे बघत कोंगदूरीला थांबायचं नाही.

एक मोह याच दिवशी होतो आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. गर्दी टाळायला कोणी ओळखीचा ‘मोकळा उतार’ दाखवतो, हद्दीच्या दोरीच्या पलीकडचा, अजून कोणाच्या खुणा न पडलेला. खुणा नसतात कारण तो भाग तपासलेला नसतो. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीअरचा असाच अंत झाला. बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस धोका सर्वांत जास्त असतो, म्हणजे नेमका तो दिवस जेव्हा गर्दीही सर्वांत जास्त असते. हिमकड्यात अडकलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून बघायची काठी (प्रोब) आणि फावडं, ते वापरायचं शिक्षण आणि जाणकार गाइड नसताना दोरीबाहेर पाऊल टाकायचं नाही. गर्दी टाळण्याच्या उपायांत हा उपाय धरूच नये.

दुसरा मोह कमी धोक्याचा पण खर्चिक. टॅक्सी स्टँडपासून गोंडोलापर्यंत तीन-चार जण तरी “सीधा ऊपर पहुँचा देंगे, लाइन नहीं लगेगी” म्हणत बरोबर चालू लागतात. तिकिटावर नाव आहे आणि दारात ओळखपत्र बघतात, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाचं तिकीट हातात पडलं की पैसेही जातात आणि जागाही. नम्रपणे नाही म्हणून पुढे चालावं. आजोबांनी एकाशी बोलत थांबून दर विचारला की बाकीचे चार येतात, हेही त्यांना आधी सांगून ठेवावं.

शनिवार

सकाळी नऊला सामान गाडीत. चढणाऱ्या गाड्यांची रांग घाटात लागायच्या आत टंगमर्ग ओलांडलेलं बरं. बर्फ असेल तर साखळ्यांची गाडी गुलमर्गहूनच लागते, ती आदल्या संध्याकाळी ठरवावी. स्की आणि बूट शुक्रवारी पाचला परत करायचे, अनामत रक्कम तेव्हाच मागून घ्यायची. शनिवारी सकाळी दुकान उघडेपर्यंत थांबलात तर साडेदहा वाजतात आणि घाटात समोरून शनिवारचा लोंढा भेटतो. गोळ्यांची पिशवी आजोबांच्या कोटाच्या खिशात, डिकीतल्या बॅगेत नाही.